दुचाकीस्वाराचे प्रशिक्षण आणि परवाना : मोटार वाहन कायद्यांच्या अनुषंगाने एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

आधुनिक महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात रेल्वे, कापडगिरणी आणि सहकारी साखर कारखाना यांना जे स्थान मिळाले, ते दुचाकी वाहनाला मिळालेले नाही. वास्तविक स्वातंत्र्योत्तर काळात मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दैनंदिन जीवनावर स्कूटरने जेवढा परिणाम केला, तेवढा क्वचितच दुसऱ्या एखाद्या यंत्राने केला असेल. या वाहनाच्या उत्पादनाचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. परंतु ते चालवावयास माणूस कोठे शिकला, त्याला कोणी शिकविले आणि त्याच्या शिक्षणाची परीक्षा शासनाने कशी घेतली, या प्रश्नांकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी ७४,८९७, म्हणजे सुमारे ४४.५ टक्के, दुचाकीवरील होत्या. यामागे रस्त्यांची अवस्था, वेग, शिरस्त्राणाचा अभाव अशी अनेक कारणे आहेत हे उघड आहे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एकाच अंगाचा, म्हणजे नवशिक्या दुचाकीस्वाराच्या प्रशिक्षणाचा व परवान्याचा, कायद्याच्या आधारे मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. आपला मोटार वाहन कायदा चारचाकी डोळ्यांसमोर ठेवून घडला. दुचाकीस्वाराचे शिक्षण त्याने अप्रत्यक्षपणे कुटुंबावर सोपविले आणि आजतागायत ते तेथेच राहिले आहे, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

वसाहतकालीन चौकट

मोटारगाडी हिंदुस्थानात आली तेव्हा तिचे नियमन प्रांतांनी आपापल्या परीने केले. मुंबई इलाख्यात त्यासाठी १९०४ मध्ये कायदा झाला. पुढे १९१४ च्या भारतीय मोटार वाहन कायद्याने सर्व प्रांतांसाठी एक समान चौकट आणली आणि वाहन चालविण्यासाठी परवाना आवश्यक ठरविला. त्या काळी मोटारसायकल ही लष्करी अधिकारी, मळेवाले, संस्थानिक आणि थोडे हौशी धनिक यांच्यापुरतीच मर्यादित होती. तिच्यासाठी वेगळा विचार करावा असे कायदेकर्त्यांना वाटले नाही, यात नवल नाही.

येथे इंग्लंडशी तुलना उद्बोधक ठरते. तेथील १९०३ च्या मोटार कार कायद्याने मोटारीसाठी सतरा आणि मोटारसायकलीसाठी चौदा वर्षे अशा दोन निराळ्या वयोमर्यादा ठेवल्या होत्या. वाहन निराळे, म्हणून चालकही निराळा, ही जाणीव तेथे आरंभापासून दिसते. मग ती चौदा वर्षांची मर्यादा आज कितीही धक्कादायक वाटो. चालकाची सक्तीची परीक्षा मात्र इंग्लंडातही १९३५ साली आली आणि तिच्याबरोबरच शिकाऊ चालकाच्या गाडीवरील लाल ‘एल’ अक्षराची पाटी आली.

या घडामोडींनंतर चारच वर्षांनी हिंदुस्थानात १९३९ चा मोटार वाहन कायदा झाला. मूळ कायद्याने किमान वय अठरा वर्षे ठरविले, चालकाच्या सक्षमतेची चाचणी परिशिष्टात घातली आणि शिकणाऱ्या व्यक्तीला परवान्याच्या अटीतून कोणत्या शर्तींवर सूट द्यावयाची हे ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांकडे सोपविला. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही सुमारे चार दशके टिकला. मुंबई राज्यात त्याखाली १९५९ चे मुंबई मोटार वाहन नियम तयार झाले व तेच पुढे महाराष्ट्रात लागू राहिले. मधल्या काळात रस्त्यावरील वाहनांचे स्वरूप मात्र आमूलाग्र पालटले.

स्कूटरचे युग आणि तीन परवाने

स्वातंत्र्योत्तर काळातील दुचाकीच्या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मध्यवर्ती आहे. बच्छराज ट्रेडिंग या संस्थेने १९४८ पासून व्हेस्पा स्कूटरची आयात सुरू केली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने लॅम्ब्रेटा आणली. पियाजिओच्या सहकार्याने पुण्याजवळ आकुर्डी येथे बजाजचे उत्पादन उभे राहिले आणि हा करार संपल्यावर १९७२ मध्ये ‘चेतक’ बाजारात आली. त्याच वर्षी कायनेटिकची पन्नास घनसेंटिमीटर क्षमतेची ‘लूना’ आली. मोटारसायकलींत मद्रासची एनफिल्ड, म्हैसूरची जावा (पुढे येझ्दी) आणि एस्कॉर्ट्सची राजदूत ही त्या काळातील प्रमुख नावे होत.

या काळात दुचाकीशी ‘लायसन्स’ हा शब्द तीन अर्थांनी जोडला गेला होता. कारखानदाराला उत्पादनाचा परवाना लागत असे. ग्राहकाला स्कूटर मिळविण्यासाठी १९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाच्या चौकटीत नंबर लावावा लागे आणि अनेक वर्षे वाट पाहावी लागे. तिसरा परवाना चालकाचा. पहिल्या दोहोंसाठी शासनयंत्रणा जेवढी काटेकोर होती, तेवढी तिसऱ्यासाठी कधीच नव्हती. कोणाला किती स्कूटर बनविता येतील आणि त्या कोणाला कोणत्या क्रमाने मिळतील याची बारकाईने नोंद ठेवणाऱ्या शासनाला, त्या चालविणारा कसा शिकला हे विचारावेसे वाटले नाही. नियोजनपर्वाचा हा विरोधाभास आर्थिक इतिहासकारांनी अधिक खोलात जाऊन तपासण्यासारखा आहे.

मग माणसे शिकली कशी? उत्तर आपणा सर्वांना ठाऊक आहे. वडिलांनी, काकांनी, मोठ्या भावाने अथवा कचेरीतील सहकाऱ्याने शिकविले. रविवारची सकाळ, शाळेचे किंवा पोलीस परेडचे मैदान, मागे एक हात धरून पळणारा माणूस आणि ‘क्लच हळू सोड’ ही सूचना, हीच त्या काळाची प्रशिक्षणसंस्था होती. सायकल येणे हे गृहीत धरले जाई. पुण्यासारख्या सायकलींच्या शहरात तोल सांभाळण्याचे शिक्षण शालेय वयातच पूर्ण झालेले असे, उरत असे ते केवळ यंत्र.

परंतु हे यंत्र एक नव्हते. चेतकचा गिअर डाव्या मुठीत, क्लचसह फिरवावयाचा. शिवाय इंजिन मागील चाकाच्या उजव्या अंगाला असल्यामुळे गाडीचा भार एका बाजूस झुकलेला. एनफिल्ड बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. येझ्दीचा गिअर डाव्या पायाशी आणि तोच दांडा किक मारण्यासाठीही वापरावयाचा. एका गाडीवर जडलेली पायाची सवय दुसरीवर थेट घातक ठरू शकत असे. परवान्याच्या दृष्टीने मात्र या सर्व ‘मोटारसायकल’च होत्या. किंबहुना ‘स्कूटर’ हा शब्द परवान्याच्या वर्गवारीत आजही नाही. १९८८ च्या कायद्यातील व्याख्येनुसार दुचाकी मोटार वाहन म्हणजे मोटारसायकल, मग तिची घडण कशीही असो.

१९८८ चा कायदा : वाक्यरचनेतील चारचाकी

नवा मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये संमत झाला व १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याचबरोबर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ लागू झाले आणि शिकाऊ चालकाच्या अटी ठरविण्याचा अधिकार राज्यांकडून केंद्राकडे गेला. आजची व्यवस्था, अनेक दुरुस्त्यांसह, याच पायावर उभी आहे. म्हणून तिचा मजकूर थोडा बारकाईने वाचणे आवश्यक आहे.

नियम ३ शिकाऊ चालकाविषयी आहे. शिकाऊ अनुज्ञप्ती असलेल्या व्यक्तीने वाहन चालविताना तिच्यासोबत पक्का परवाना असलेला प्रशिक्षक असावा आणि तो वाहनावर नियंत्रण ठेवू शकेल किंवा ते थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावा, अशी अट आहे. वाहनाच्या पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल ‘एल’ अक्षर असलेली अठरा सेंटिमीटर चौरस पाटी असावी, अशीही अट आहे. पुढे परंतुक येते : मोटारसायकल शिकणाऱ्याने या प्रशिक्षकाव्यतिरिक्त अन्य कोणासही गाडीवर बसवू नये.

आता प्रश्न असा की, दुचाकीच्या मागच्या आसनावर बसलेला प्रशिक्षक गाडी थांबविणार कशी? ब्रेकचा दांडा पुढच्याच्या उजव्या हाताशी, दुसरा ब्रेक त्याच्या पायाशी अथवा डाव्या हाताशी. मागचा माणूस फार तर खांद्यावर थाप मारू शकतो किंवा ओरडू शकतो. शिवाय नवशिक्याच्या मागे साठ-सत्तर किलोंचा माणूस बसला की गाडीचा तोल अधिकच अवघड होतो, म्हणजे नियमाचे पालन हेच शिकणाऱ्याला संकटात टाकणारे ठरते. कायदेकर्त्यांना ही अडचण मुळीच ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. कारण त्याच नियमावलीतील नियम २४ मध्ये, वाहनचालक प्रशिक्षण शाळांच्या गाड्यांना दुहेरी नियंत्रणाची सोय असावी असे सांगताना मोटारसायकलींचा स्पष्ट अपवाद केलेला आहे. एका नियमात अशक्यता मान्य केली आहे आणि दुसऱ्यात तीच अट घातली आहे. दोन्ही नियम एकाच वर्षीचे आहेत.

चाचणीची हीच गत आहे. नियम १५ प्रमाणे शिकाऊ अनुज्ञप्ती मिळाल्यापासून किमान तीस दिवसांनी उमेदवार चाचणीस बसू शकतो. ही अनुज्ञप्ती सहा महिने वैध असते. चाचणीत काय पाहावयाचे याची लांबलचक यादी नियमात आहे. आरसा नीट करणे, चढावर गाडी थांबवून मागे न घसरता पुन्हा सुरू करणे, अरुंद जागेत गाडी मागे घेणे, योग्य बाजूने वळणे, पादचाऱ्यांना मार्ग देणे इत्यादी. यादी उत्तम आहे, पण ती मोटारीची आहे. पुढच्या व मागच्या ब्रेकवर दाब कसा विभागावा, ओल्या रस्त्यावर वा वाळूवर वळताना काय करावे, मागे माणूस बसल्यावर गाडीच्या वर्तनात काय फरक पडतो, यांपैकी काहीही त्या मूळ यादीत आढळत नाही. प्रत्यक्षात दुचाकीची चाचणी म्हणजे जमिनीला पाय न टेकता ‘आठ’ काढणे, असे समीकरण रूढ झाले. हा आठचा आकडाही यादीत नाही. संथ गतीतील तोल पाहण्यास तो उपयुक्त आहे यात शंका नाही. परंतु दुचाकीस्वार दगावतो तो क्वचितच संथ गतीत.

पुढच्या ब्रेकचे उदाहरण येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील’ हे वाक्य आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या सांगितले गेले. त्यात काहीच तथ्य नाही असे नाही. वळणावर अथवा सैल खडीवर पुढचे चाक एकाएकी अडकले तर गाडी खरोखरच पडते. परंतु कोरड्या, सरळ रस्त्यावर ब्रेक लागताच वाहनाचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबविण्याचे मुख्य काम तेच चाक करते. केवळ मागचा ब्रेक वापरणारा स्वार अधिक अंतर जाऊन थांबतो, किंवा चाक अडकून घसरतो. कौटुंबिक शिक्षणपरंपरेने धैर्य, तोल आणि रस्त्याची समज दिली, हे मान्य करावयास हवे. पण तिने चूक ज्ञानही तेवढ्याच निष्ठेने पुढे पोहोचविले, आणि ते तपासून दुरुस्त करणारी दुसरी कोणतीही संस्था वाटेत नव्हती. शासनाने यावर जो उपाय योजिला तो लक्षणीय आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेकप्रणाली किंवा चाक अडकू न देणारी प्रणाली (एबीएस) आणि त्यावरील क्षमतेच्या दुचाकींना एबीएस अनिवार्य झाली. माणसाला शिकविण्यापेक्षा यंत्राला शिकविणे सोपे गेले. शिरस्त्राणाच्या बाबतीतही केंद्रीय नियमांनी दुचाकी विकत देताना उत्पादकाने ते पुरवावे अशी तरतूद केली. वाहनासोबत शिक्षण मिळावे अशी तरतूद मात्र कोणी सुचविलेली दिसत नाही. (शिरस्त्राणसक्तीला जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात झालेला विरोध सर्वश्रुत आहे, तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.)

बिनगिअरची गाडी आणि सोळा वर्षांचा चालक

१९८८ च्या कायद्यात ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ आणि ‘गिअर असलेली मोटारसायकल’ असे दोन वर्ग आढळतात. पहिल्या वर्गासाठी किमान वय सोळा वर्षे ठेवण्यात आले व अठरा वर्षांखालील उमेदवारास पालकाची लेखी संमती आवश्यक करण्यात आली. लूनासारखी मोपेड डोळ्यांसमोर असेल तर ही तरतूद समजण्याजोगी आहे. परंतु तोपर्यंत काळ पुढे गेला होता. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली होती. तिला गिअर नव्हता, बटणावर सुरू होत असे आणि इंजिन होते ९८ घनसेंटिमीटरचे. गिअरचा अभाव म्हणजे कमी शक्ती, हे कायद्याचे गृहीतक कायदा लागू होण्यापूर्वीच कालबाह्य झाले होते.

या गाडीने आणि तिच्या वारसदारांनी महाराष्ट्राच्या शहरांत मोठे सामाजिक परिवर्तन घडविले, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे. साडी नेसून किक मारण्याची आणि क्लच सांभाळण्याची अडचण दूर झाल्यामुळे नोकरदार व विद्यार्थिनी स्त्रिया मोठ्या संख्येने स्वतःच्या वाहनावर आल्या. शिक्षिका, परिचारिका, बँक कर्मचारी यांच्या जीवनात या गाडीमुळे आलेल्या स्वातंत्र्याचे मोल अपघातांची चर्चा करतानाही विसरता येणार नाही. मात्र शिकण्याची जुनी पद्धत यामुळे शिथिल झाली. गिअरच्या गाडीवर शिकणाऱ्याला यंत्रच अडवीत असे. क्लच चुकला की गाडी बंद पडे आणि शिकणारा मैदानातच राही. बिनगिअरची गाडी पहिल्याच दिवशी चालू लागते. ‘चालविता येणे’ आणि ‘रस्त्यावर वावरता येणे’ यांमधील जो अवधी पूर्वी आपोआप मिळत असे, तो नाहीसा झाला.

कायद्याने ही विसंगती १९९४ च्या दुरुस्तीने सुधारली. त्या वर्षी १४ नोव्हेंबरपासून, योगायोगाने बालदिनी, सोळा वर्षांवरील व्यक्तींसाठीची सवलत ‘पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल’ अशी मर्यादित झाली. परंतु ही दुरुस्ती कलम ४ मध्ये झाली. पालकांच्या संमतीविषयीच्या कलम ७ मध्ये ‘गिअर नसलेली मोटारसायकल’ हे शब्द तसेच राहिले. दुरुस्ती करणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटले असावेत, असेच म्हणावे लागते. याहून गंभीर गोष्ट अशी की, पन्नास घनसेंटिमीटरची गाडी पुढे बाजारातूनच हळूहळू नाहीशी झाली. २००० साली आलेली होंडा अ‍ॅक्टिवा १०२ घनसेंटिमीटरची होती आणि आज सर्वत्र दिसणाऱ्या बिनगिअरच्या स्कूटर ११० किंवा १२५ घनसेंटिमीटरच्या आहेत. सोळा वर्षांच्या मुलाला कायदा जी गाडी चालवू देतो ती दुकानात मिळत नाही आणि जी मिळते ती कायदा त्याला चालवू देत नाही.

वरच्या टोकालाही असेच घडले. ‘गिअरसह मोटारसायकल’ या एकाच वर्गात शंभर घनसेंटिमीटरची गाडी येते आणि साडेसहाशेचीही. केरळात तर ‘बजाज एम-८०’ या हाताने गिअर टाकण्याच्या हलक्या गाडीवर आठ काढून गिअरचा परवाना मिळविण्याची प्रथाच पडली होती. तेथील परिवहन विभागाने २०२४ मध्ये ती बंद केली आणि चाचणीसाठी पायाने गिअर टाकण्याची, किमान ९५ घनसेंटिमीटरची मोटारसायकल आवश्यक केली. इंग्लंडने शिकाऊ चालकाला १९८३ पासून १२५ घनसेंटिमीटरची मर्यादा घातली आणि १९९० च्या डिसेंबरपासून, रस्त्यावर येण्यापूर्वीच पूर्ण करावयाचे सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण सुरू केले. त्यात प्रशिक्षक शिकणाऱ्याच्या मागे बसत नाही; आधी बंदिस्त जागेत शिकवितो आणि नंतर स्वतःच्या गाडीवरून त्याच्या मागोमाग जातो. दुचाकीच्या मागच्या आसनाचा प्रश्न त्यांनी असा सोडविला. ज्या देशाकडून आपण ‘एल’ची पाटी घेतली, त्या देशातील ही पुढची पायरी आपण घेतली नाही.

दंड आणि शिक्षण

२०१९ च्या दुरुस्ती कायद्याने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड पाचशे रुपयांवरून पाच हजारांवर नेला. अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यास तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी कठोर तरतूद कलम १९९-अ मध्ये झाली. जो कुटुंबप्रमुख आजवर कायद्याच्या मूक संमतीने शिक्षक होता, तो आता संभाव्य आरोपी झाला. त्याच्या जागी दुसरा शिक्षक मात्र उभा राहिला नाही. २०२१ मध्ये शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली. त्याच वर्षी मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियमही आले आणि तेथील अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यास परिवहन कार्यालयातील चाचणीतून सूट देण्यात आली. दुचाकीसाठीही असे केंद्र चालविता येते. परंतु गल्लोगल्ली दिसणाऱ्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलच्या पाट्यांवर आजही बहुधा चारचाकीचेच चित्र असते, आणि दुचाकी शिकण्यासाठी शुल्क द्यावे ही कल्पनाच आपल्या समाजाला अद्याप विचित्र वाटते.

आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या वाहनतळांवर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांच्या ज्या गाड्या लागतात, त्यांतील बहुतेक ११० घनसेंटिमीटरच्या असतात हे आपण सर्व प्राध्यापक रोज पाहतो. त्यांच्या चालकांना कलम ४ प्रमाणे त्या गाडीचा परवाना मिळूच शकत नाही, म्हणून कोणतीही चाचणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते अठरा वर्षांचे होऊन शिकाऊ परवान्याचा अर्ज भरतात, तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना दुचाकी चालवीत दोन वर्षे झालेली असतात. आणि नियम ३ मधील तो प्रशिक्षक, जो गाडी थांबवू शकेल अशा जागी बसलेला असावयास हवा, तो त्या दोन वर्षांत कधीही मागे बसलेला नसतो.